सोबतीला कोण?

अमरावती,
ता. ३ फेब्रुवारी १९३६

तीर्थरूप आत्याबाई यांच्या पायी सून शालूचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. तुमची, पुंजाजी भावजींची, जाऊबाई आशाबाईची आणि कपिला गाईची खुशाली कळवावी. हे मी प्रत्येक पत्रात लिहिते आणि प्रत्येक वेळी तुमच्याकडून काहीच येत नाही. पण सासूला पत्र लिहायचं तर अशीच सुरुवात करायची असते, म्हणून पुन्हा लिहिलं.

नीळकंठ गुरुजी, हे पत्र वाचणारे तुम्हीच, म्हणून आधी दोन शब्द तुमच्याशी. ओसरीवर बसा आणि मोठ्याने वाचा. आत्याबाई म्हणतील, "मले नाई आयकाचं," आणि सूप घेऊन आत जातील. जाऊ द्या. तुम्ही वाचत राहा. पाखडण्याचा आवाज थांबला की समजा, कान इकडे आहे. आणि काही ठिकाणी तुम्हाला वाचायला लाज वाटेल. गेल्या पत्रात तुम्ही अर्धं पान गाळलंत, असं आशाबाईनं मला कळवलं आहे. गाळू नका. मला या सुइणींच्या शाळेत पाठवायचा अर्ज तुम्हीच भरला होता, आता लाजून कसं चालेल?

आत्याबाई, मी पास झाले. आमच्या तुकडीत माझा दुसरा नंबर आला. पहिला नंबर प्रतिमाचा. ती खामगावची, तिचे वडील कापसाच्या जिनात कारकून आहेत. तिची खाट माझ्या खाटेशेजारी. ती मला शुद्ध बोलायला शिकवते आणि मी तिला हसायला शिकवते, असा आमचा करार आहे.

परीक्षेला डॉक्टरीणबाईंनी कापडाची बाहुली पुढे ठेवली आणि विचारलं, बाळ पायाकडून आलं तर काय करशील? मी बाहुली हातात घेतली आणि तोंडातून निघून गेलं, "बाई, पायाळू आलं त आधी आपला जीव थंड ठेवाचा. वढाचं नाई." मागे प्रतिमानं कपाळावर हात मारला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरोबर आहे, पुढे सांग." मग मी धडाधडा सांगत गेले.

इथे आम्हाला पाळीपाळीने स्वयंपाक करावा लागतो. माझी पाळी आली की मुली आधीच भात मागून घेतात. भाकर अजूनही थापताना फाटते, आत्याबाई. अकराव्या वर्षी तुमच्या घरात आले तेव्हापासून तुम्ही शिकवता आहात, पण पीठ माझं ऐकत नाही. तुम्ही म्हणायच्या, हिचे हात कशासाठी केले देवानं, कोणाला ठाऊक. आता मला ठाऊक झालंय, पण ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रागवाल.

आता खरी बातमी. बुलडाण्याच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलला रोहिणखेडसाठी शिकलेली सुईण हवी आहे. दोन खोल्यांचं घर, अंगणात विहीर, दारात लिंबाचं झाड. सतरा तारखेला कमिटीपुढे मुलाखत आहे. प्रतिमा रोज कमिटी होऊन खाटेवर बसते, नाकावर चष्मा ओढते आणि घोगऱ्या आवाजात विचारते, "काय हो बाई, बाळंतिणीला ताप भरला तर?" मी उभी राहून उत्तर देते. चुकले की ती मला भाताचं भांडं घासायला लावते.

नोटिशीत खाली आणखी एक ओळ आहे. बाई एकटी असेल तर तिच्या सोबतीला घरचं वडीलधारं बाईमाणूस राहिलं पाहिजे, नाहीतर नेमणूक नाही. प्रतिमा विचारते, तुझ्या सोबतीला कोण? मी म्हणते, आधी मुलाखत तर होऊ दे.

हरभऱ्याच्या घुगऱ्या खाव्याशा वाटतात. कपिलेच्या पाठीवरून माझ्या नावाने हात फिरवा. पुरे करते.

तुमच्या पायांची,
शालू


खामगाव,
ता. १९ फेब्रुवारी १९३६

तीर्थरूप आत्याबाई यांच्या पायी शालूचा साष्टांग नमस्कार.

नोकरी मिळाली म्हणावं तर मिळाली, नाही म्हणावं तर नाही. सगळं सांगते, पण सुरुवातीपासून सांगते. गुरुजी, शेवटचा परिच्छेद आधी वाचायची तुमची खोड मला माहीत आहे. आज तसं करू नका.

मुलाखतीला मी हिरव्या काठाचं लुगडं नेसले होते. दिवाळीत मी निघाले तेव्हा तुम्ही तोंडाने काही बोलला नाहीत, पण माझ्या गाठोड्यात ते लुगडं मला अमरावतीला पोचल्यावर सापडलं. प्रतिमानं त्याला इस्त्री केली. मलकापूरहून मोटारीत बसले. राजूरचा घाट लागला तशा शेजारच्या बाईला उलट्या सुरू झाल्या, आणि मी सगळा घाट तिचं डोकं धरून काढला. लुगडं वाचलं.

कचेरीत हिरव्या कापडाचं मोठं टेबल होतं आणि त्यामागे पाच पुरुष. मी नमस्कार केला. चेअरमनसाहेबांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि खाली ठेवलं.

"तुम्ही ते... हे... काम शिकलात ना?"

"हो जी."

"सगळं?"

"सगळं जी."

"मग ठीक आहे," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले. बाकीचेही तिकडेच बघू लागले. मला वाटलं, खिडकीत काही आलं की काय. पण नुसता कडुलिंब होता.

आत्याबाई, पंधरा दिवस मी ताप, रक्तस्राव, जुळी, आडवं मूल, सगळं घोकून गेले होते. त्या पाच जणांपैकी एकालाही त्यातला एक शब्द तोंडातून काढवेना. एकानं मला पाढे विचारले. मी पाऊणकी म्हणून दाखवली, तर ते खूश झाले. दुसऱ्यानं विचारलं, "आपल्या बादशहांचं नाव सांगा." मी म्हटलं, "जी, मागच्या महिन्यात वारले त्यांचं की आता गादीवर बसले त्यांचं?" ते गडबडले. त्यांना नव्याचं नाव येत नसावं, कारण ते म्हणाले, "राहू द्या."

मला आतून हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एवढं शिकून आले ते पाऊणकी म्हणायला का?

तेवढ्यात कडेला बसलेले म्हातारे इंद्रभानजी बोलले. मलकापूरकडचे मोठे शेतकरी आहेत, डोक्याला भला मोठा फेटा. म्हणाले, "बाई, मी पायाळू हाय."

चेअरमनसाहेबांनी लगेच मान डोलावली. त्यांची पाठ धरली की इंद्रभानजींनाच बोलावतात म्हणे, पायाळू माणसाची लाथ लागली की पाठ सुटते ना! मागच्या हप्त्यातच खाल्ली होती. अख्खी कमिटी त्यांच्या लाथेची गिऱ्हाईक आहे, हे मला तिथेच कळलं.

"पाठी त मी लोकाइच्या लय मोकळ्या केल्या," इंद्रभानजी म्हणाले, "पन मी सोता कसा मोकळा झालो, ते कोनी सांगलं नाई मले. पायाकडून लेकरू येते म्हंजे कसं येते?"

मी म्हटलं, "तुमचं उपरणं द्या जी."

त्यांनी दिलं. मी त्याची गुंडाळी करून बाळ केलं, टेबलावर ठेवलं आणि सांगायला लागले. आधी पाय येतात. मग कंबर. इथे घाई करायची नाही, ओढायचं नाही, ऊबदार कापडात अंग धरायचं. मग एकेक हात हळूच खाली घ्यायचा. डोकं शेवटी येतं, आणि तेव्हाच आई आणि सुईण दोघींचा जीव टांगणीला लागतो. उपरण्याचं डोकं सुटलं तेव्हा पाचही जण टेबलावर वाकले होते. कडुलिंबाकडे कोणीच बघत नव्हतं.

इंद्रभानजींनी उपरणं हातात घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. म्हणाले, "माह्या मायले लय तरास झाला असन, बाप्पा. मी साठ वर्साचा झालो, कधी मनातच आलं नाई."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चेअरमनसाहेब "बरं, बरं" करत चष्मा पुसू लागले. मला कळलं, नोकरी माझी झाली.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला सांगायला मजा वाटली. इथून पुढची सांगायची म्हणून सकाळपासून दोनदा दौत बंद केली. गुरुजी, जरा थांबा आणि आत डोकावून या. आत्याबाईंच्या हातात मुसळ असेल तर राहिलेलं उद्या वाचा.

शेवटचा प्रश्न रंगराव पाटलांचा होता. म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या. तुमच्या सोबतीला कोन राहीन?"

मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. माझे यजमान निवृत्ती वारले, माहेरी कोणी उरलं नाही, सोबतीचं बघून कळवते, असं म्हणणार होते. पण मी म्हणाले, "माझ्या सासूबाई येणार आहेत. वरवट बकालच्या झुंबरबाई."

रंगराव खुर्चीत ताठ झाले. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. "आमची झुंबरमामी?" त्यांचं आजोळ आपल्या गावचं निघालं, आत्याबाई! तुमची रामफळं चोरली म्हणून लहानपणी तुम्ही त्यांना झाडाला बांधून ठेवलं होतं म्हणे. त्यांनी ती हकीकत सगळ्या कमिटीला सांगितली आणि शेवटी म्हणाले, "त्या येनार असतीन त रोहिणखेडले चौकीदाराची गरज नाई." सगळे हसले. चेअरमनसाहेबांनी लिहून टाकलं, सोमवार दोन मार्चला सोबतिणीसह हजर व्हावे. सोबतीण नसल्यास नेमणूक दुसऱ्या उमेदवारास. आता त्या कागदावर तुमचं नाव आहे.

मी खोटं बोलले. कसं बोलले, मलाच कळलं नाही. घरचं माणूस कोण असं विचारल्यावर तोंडात दुसरं नाव आलंच नाही, एवढंच मला माहीत आहे.

मी शिकायला निघाले त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात, ते मी विसरले नाही. "गावाच्या नाळी कापशीन त तुहा सोयर कधी फिटनार नाई. माह्या चुलीपाशी मंग येऊ नको." तुमचं म्हणणं मला उमजतं. एका बाळंतपणाचा सोयर दहा दिवस, आणि मी तर रोज नव्या घरी जाणार. पण दिवाळीत घरी आले तेव्हा तुम्ही मला अंगणात पत्रावळीवर वाढलंत. भाजी माझ्या आवडीच्या वांग्याची केली होती. मसाला भरपूर. जेवून माझी पत्रावळ मीच उचलून नेली. काल परतताना इथे प्रतिमाच्या घरी उतरले, तर तिच्या आईनंही मला ओसरीवर वेगळं वाढलं. ते ब्राह्मणांचं घर, तिथे मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते तुमच्या अंगणात.

आशाबाई घर सांभाळते, तिची तुमची चुलीवरून रोज कुरकुर होते, हेही मला कळतं. रोहिणखेडला तुम्हाला मोठी ओसरी आहे. जुन्या मशिदीपलीकडे बाजार भरतो. तुम्हाला रागवायला सबंध गाव मिळेल.

या ना, आत्याबाई. तुम्ही गेल्यावेळी बोलला नाहीत, पुढेही बोलू नका, पण त्या ओसरीवर बसा. हे गेल्यावर तुम्ही मला माहेरी धाडलं नाहीत, आपल्या शेजारी निजवलंत. तुमच्याशिवाय मला घरचं कोणी नाही, आणि कोणी असतं तरी मी तुम्हालाच बोलावलं असतं.

शनिवारी मी मलकापूरच्या स्टेशनावर शेगावकडून येणारी गाडी पाहीन. तुम्ही नाही उतरलात तर सोमवारी बुलडाण्याला जाऊन खरं काय ते सांगेन. नोकरी जाईल. पण तुमचं नाव खोट्यात राहू देणार नाही.

वाट पाहणारी,
तुमची शालू


वरवट बकाल,
ता. २४ फेब्रुवारी १९३६

चि. शालूबाईस नीळकंठ गुरुजीचे आशीर्वाद. झुंबरबाईंनी समोर बसून सांगितलं तसंच लिहीत आहे. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, अशी मला ताकीद आहे.

शालू,

तुहे समदे पत्र मी आयकले. आयकले म्हंजे कानावर पडले. मी जवारी पाखडत होती. हे गुरुजी मुद्दाम वरडून वाचते.

त्या रंगरावले मी झाडाले बांधलं नव्हतं. त्याची मामी येईस्तोवर नुसतं कानाले धरून उभं ठेवलं होतं. येवढा मोठा मानूस झाला अन अजून खोटं बोलते. अन तू बी बोलली. माह्या नावानं बोलली. आता तू खोटी पडली त लोक म्हनतीन, झुंबरबाईची सून खोटारडी. म्हनून ते खरं करनं माह्यावर आलं. मी तुह्यासाठी नाई येऊन राह्यली, नावासाठी येऊन राह्यली. हे ध्यानात ठेव.

गुरुजीनं ते उपरन्याचं दोनदा वाचलं. पयल्यांदा लाजत लाजत, दुसऱ्यांदा मी सांगतलं म्हनून. निवृत्तीच्या वक्ताले मी दोन दिवस अडली होती. तवा असं कोनी शिकेल माह्यापाशी नव्हतं. जाऊ दे.

दिवाळीले तुले आंगनात वाढलं. तुले वाटलं, मी आतमंदी बसून जेवली. आशाले विचार. तू तुही पत्रावळ सोता उचलून नेली, मंग मी ताटावर बसलीच नाई. वांगे समदे कपिलेले घातले. पन सोयर तो सोयर. या वयात मी काई बदलनार नाई.

म्हनून आयक. रोहिणखेडले दोन चुली मांडाच्या. एक माही, एक तुही. माही चूल मी इथूनच आनीन, पोत्यात बांधून ठेवली हाय. तिले तू हात लावाचा नाई. पान्याचं मडकं बी येगळं. बाळंतपन करून आली का दाराबाहेर आंघोळ, लुगडं बदल, मंग आत. तुही डाक्टरीनबाई बी हात धुवा, कपडे बदला, हेच सांगते असं तू मांगं लिवलं होतं. मंग मी सांगतलं त काऊन रुसली?

पुंजाजी म्हने, माय, दोन मानसाइले दोन चुली, लोक हासतीन. म्हटलं, हासू दे.

शनिवारच्या गाडीनं येईन. पुंजाजी शेगावले बसवून देईन. मलकापूरले तू उभी राह्य, मले तिथलं काई समजत नाई. घुगऱ्याचे हरभरे आनून राह्यली.

एक गोष्ट राह्यली. तुही भाकर अजून फाटते, असं तूच लिवलं. दिवसभर लोकाइच्या लेकी सोडवशीन अन घरी येऊन फाटकी भाकर खाशीन, ते मले पाह्यवनार नाई. म्हनून तुह्या चुलीवर बी भाकरी मीच टाकीन. माह्या चुलीले तू हात लावाचा नाई, येवढंच मी म्हटलं हाय. तुह्या चुलीले मी लावाचा नाई, असं कोनी म्हटलं नाई.

पुरे झालं, गुरुजी. नाव लिवा.

(नावापुढे काय लिहू, सासूबाई की आत्याबाई, असं मी विचारलं. झुंबरबाईंनी अंगठा शाईत बुडवला. मग म्हणाल्या, "त्या कमिटीनं कागदावर कोनता शब्द लिवला? तोच लिवा." नीळकंठ.)

डाव्या अंगठ्याची निशाणी,
झुंबरबाई,
शालूची सोबतीण